दुपारची वीज गल्लीतच मुरावी म्हणून

बडोद्याच्या कारेलीबागेत राहणाऱ्या माझ्या एका आतेभावाने गच्चीवर ३ किलोवॉटचे सोलर पॅनेल बसवून घेतले आणि पाठोपाठ विजेवर चालणारी गाडीही घेतली. यंदा संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो, तेव्हा त्याने मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अभिमानाने: "अरे, दुपारी वीज ग्रिडमध्ये ठेवायची आणि रात्री तीच काढून गाडीत भरायची!" दुसरी तक्रारीच्या सुरात: ऐन दुपारी स्वच्छ ऊन असताना त्याचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या विजेच्या रूपात बदलणारे यंत्र) मधूनच बंद पडतो, आणि दोनदा मिस्त्री येऊन गेला तरी त्यात दोष सापडलेला नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी जवळचा संबंध आहे, हे त्याला पटवून देईपर्यंत दोनदा चहा झाला. त्याला जे सांगितले, तेच येथे थोडे सविस्तर मांडत आहे.

ग्रिडमध्ये, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तारांच्या सार्वजनिक जाळ्यात, वीज "ठेवण्याची" कल्पना नेट मीटरिंगच्या बिलातून आलेली आहे. बाहेर गेलेली युनिट आणि आत आलेली युनिट यांची वजाबाकी बिलात होते, त्यामुळे ग्राहकाला ते बँकेतील खाते वाटू लागते. हिशेबापुरते ते खरेही आहे. तारेच्या बाबतीत मात्र खरे नाही, कारण धरणात पंपाने वर चढवून ठेवलेले पाणी आणि मोजक्या ठिकाणच्या मोठ्या बॅटऱ्या सोडल्या, तर ग्रिडमध्ये साठवणीची सोय नाही. ज्या क्षणी जेवढी वीज निर्माण होते, त्याच क्षणी तेवढी कुठेतरी वापरली जावी लागते. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री ९ वाजता ९ मिनिटे घरातील दिवे मालवण्याचे आवाहन झाले, तेव्हा देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१,००० मेगावॉटने उतरली होती, आणि जलविद्युत केंद्रांनी आपले उत्पादन आधी झपाट्याने कमी करून व नंतर तेवढ्याच झपाट्याने वाढवून विजेची वारंवारिता, म्हणजे दर सेकंदाची आवर्तने, ५० हर्ट्झच्या आसपास राखली. त्या रात्री ९ या अंकाच्या ग्रहशक्तीविषयी असंख्य संदेश फिरले; ज्या अभियंत्यांनी पाण्याच्या झडपा वेळेवर उघडल्या आणि मिटल्या, त्यांच्याविषयीचा संदेश निदान माझ्यापर्यंत तरी आला नाही.

मग आतेभावाने दुपारी "ठेवलेली" वीज जाते कुठे? ती प्रथम शेजारच्या घरी जाते, तिथेही गरज नसेल तर त्यापुढच्या घरी, आणि गल्लीत कोणालाच नको असेल तर उलट्या दिशेने गल्लीच्या तोंडाशी असलेल्या ट्रान्सफॉर्मरकडे निघते. एकट्यादुकट्या घरावर पॅनेल होते तोवर हा प्रश्न नव्हता. घरगुती सौरयंत्रणेत गुजरात देशात आघाडीवर आहे, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट व त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८,००० रुपयांचे अनुदान मिळू लागल्यापासून एकाच गल्लीत एकाच मापाची पॅनेल लागलेली दिसतात. ती सगळी एकाच वेळी जागी होतात आणि एकाच वेळी ऐन भरात येतात.

आता माझा आवडता भाग. त्यासाठी शाळेतील ओहमचा नियम पुरतो. सोयीसाठी एकच फेज धरू. समजा, ट्रान्सफॉर्मरपाशी व्होल्टेज २४० आहे. संध्याकाळी गल्लीच्या टोकाला ते फार पडू नये म्हणून ते मुद्दाम २३० या ठरलेल्या मूल्यापेक्षा थोडे वर ठेवलेले असते. तेथून गल्लीच्या टोकापर्यंत जाण्यायेण्याच्या तारेचा एकूण रोध ०.३ ओहम आहे, आणि टोकाच्या चार घरांवर प्रत्येकी ३ किलोवॉटची पॅनेल आहेत. भर दुपारी १२ किलोवॉट वीज निर्माण होते. चार घरांत मिळून २ किलोवॉट खर्च होते. उरलेली १० किलोवॉट ट्रान्सफॉर्मरकडे निघते. २५० व्होल्टच्या आसपास १० किलोवॉट म्हणजे ४० अँपिअर धारा (करंट), आणि ४० गुणिले ०.३ म्हणजे १२ व्होल्ट. धारा नेहमी जास्त व्होल्टेजकडून कमी व्होल्टेजकडे वाहते, त्यामुळे ती उलटी वाहायची असेल तर टोकाचे व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरपेक्षा १२ ने वर चढावेच लागते. म्हणजे टोकाशी २५२ व्होल्ट.

येथे इन्व्हर्टरचा शहाणपणा आडवा येतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांनुसार व्होल्टेज ठरलेल्या मूल्याच्या ११० टक्क्यांच्या वर गेले, तर इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत ग्रिडपासून अलग व्हायचे असते, आणि २३० चे ११० टक्के म्हणजे २५३. चारपैकी एका घरातील एक किलोवॉटची इस्त्री बंद झाली, तरी हा आकडा ओलांडला जातो. आतेभावाचा इन्व्हर्टर आजारी नव्हता, तो आज्ञाधारक होता. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दुपारी तर सगळे बडोदे पतंग उडवायला गच्चीवर असते, खोल्यांतील पंखे बंद, एसी अर्थातच बंद, आकाश निरभ्र, आणि थंड हवेमुळे पॅनेलची कार्यक्षमताही चांगली. मे महिन्यातल्या उन्हाचा अतिरेक घरातील एसी खाऊन टाकतो, शिवाय पॅनेल तापले की दर अंशामागे साधारण ०.४ टक्का उत्पादन घटते. म्हणून इन्व्हर्टर बंद पडण्याची तक्रार मे महिन्यापेक्षा जानेवारी ते मार्चमध्ये अधिक ऐकू आली, तर नवल नाही.

ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण मला तो गाळवत नाही. उच्च दाबाच्या लांब वाहिन्यांमध्ये तारेच्या रोधापेक्षा तिच्या प्रवर्तनामुळे, म्हणजे बदलत्या धारेच्या चुंबकीय परिणामामुळे, येणारा अडथळा बराच मोठा असतो, त्यामुळे तेथे व्होल्टेज वरखाली करण्याचे काम मुख्यतः रिअॅक्टिव्ह पॉवर करते, म्हणजे जी शक्ती प्रत्यक्ष काम न करता धारेच्या प्रत्येक आवर्तनात येजा करते ती. गल्लीतील केबलमध्ये तारा एकमेकींना बिलगून असतात आणि जाडीने लहान असतात. तेथे उलट रोध मोठा आणि प्रवर्तन किरकोळ. व्होल्टेजमधील चढ हा साधारणपणे (सक्रिय शक्ती × रोध + रिअॅक्टिव्ह शक्ती × प्रवर्तनाचा अडथळा) ÷ व्होल्टेज इतका असतो, असे सूत्र मांडले तर लगेच दिसते की गल्लीत पहिले पदच सारा खेळ ठरवते. इन्व्हर्टरला रिअॅक्टिव्ह शक्ती शोषायला लावून हा चढ कमी करता येतो, आणि काही देशांत तसे बंधनही आहे, पण आपल्या केबलवर त्या उपायाचा हात आखूड पडतो. खरा परिणाम होतो तो टोकाशीच कोणीतरी खरीखुरी वीज वापरली, तर.

तेथेच गाडी उभी असते. १५ अँपिअरच्या प्लगवर गाडी साधारण ३.३ किलोवॉटने चार्ज होते. वरच्याच उदाहरणात टोकाच्या एका घरी ती दुपारी लावली, तर परत जाणारी वीज १० वरून ६.७ किलोवॉटवर येते, धारा ४० वरून २७ अँपिअरवर, आणि टोकाचे व्होल्टेज २५२ वरून २४८ वर. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ४८० वॉटवरून सुमारे २२० वॉटवर उतरते, म्हणजे निम्म्याहूनही कमी होते. हीच गाडी ट्रान्सफॉर्मरला लागून असलेल्या घरी लावली असती, तर गल्लीतली धारा तेवढीच राहिली असती आणि टोकाचे इन्व्हर्टर पूर्वीसारखेच बंद पडले असते. रात्री ९ वाजता लावली, तर ती वीज बहुतांशी कोळशाची असते, आणि सगळ्या घरांतील भाराच्या जोडीने ती टोकाचे व्होल्टेज आणखी खाली ओढते. शहरात रोज ३० किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला ४-५ युनिट पुरतात. ३ किलोवॉटचे पॅनेल दिवसाला सरासरी १२ युनिटच्या आसपास देते. म्हणजे गाडीची भूक दुपारच्या दीड तासात भागते.

तरीही आतेभाव दुपारी गाडी का लावील? त्याच्या बिलात दुपारचे युनिट आणि रात्रीचे युनिट एकाच भावाचे आहे. हा भाव वेगळा करण्याची सुरुवात झाली आहे. सार्वजनिक चार्जिंग केंद्रांना सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळात वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट दराने द्यावी, असे केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०२० पासून सकाळी १० ते दुपारी ३ या वेळात तारांच्या वापराचा आकार बराच कमी ठेवला जातो, आणि त्याला लोक सौर स्पंज म्हणतात. ९ ते ४ ही वेळ बडोद्याला छान बसते, ही जाता जाता सांगण्याची गंमत आहे: भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्ताची, बडोदे ७३.२ अंशांवर, प्रत्येक अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने आपला सूर्य ३७ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, आणि ९ ते ४ चा मध्य साडेबारा. पंचांगातला माध्यान्ह काढणाऱ्यांना हे गणित जुनेच आहे.

पण नुसत्या वेळेवर बक्षीस दिले, तर ट्रान्सफॉर्मरजवळचा माणूस आणि टोकाचा माणूस यांना सारखेच मिळेल, हे तारेच्या दृष्टीने चूक आहे. बक्षीस द्यायचे तर ते त्याच १५ मिनिटांत आणि त्याच ट्रान्सफॉर्मरच्या कक्षेत जी वीज शिल्लक होती, तेवढीच गाडीत गेली का, हे पाहून द्यावे. त्यासाठीची खूण तारेतच लिहिलेली असते. चार्जरने स्वतःच्या प्लगवरचे व्होल्टेज मोजावे. ते २४५ च्या वर चढले की चार्जिंग वाढवावे, २२५ च्या खाली गेले की थांबावे. याला इंटरनेट लागत नाही, अॅप लागत नाही. यात एक खाच आहे. गल्लीतील सगळे चार्जर २४५ ला एकदम सुरू झाले, तर व्होल्टेज एकदम पडेल, सगळे एकदम थांबतील, ते पुन्हा चढेल, आणि हा झोपाळा हलतच राहील. म्हणून चार्जिंग झटक्यात चालूबंद न करता हळूहळू वाढवावे लागते आणि प्रत्येक चार्जरचा प्रतिसाद थोडा मागेपुढे ठेवावा लागतो. शिवाय व्होल्टेज हे फक्त चार्जरला दिलेले मार्गदर्शन असावे, पैशाचे माप नसावे. नाहीतर ज्याचे घर योगायोगाने गल्लीच्या टोकाला आहे त्यालाच सारी रक्कम मिळेल. पैसे ट्रान्सफॉर्मरमागे ठरवावेत आणि त्याखालच्या सगळ्या चार्जरांत युनिटच्या प्रमाणात वाटावेत, असे माझे मत आहे.

अशा मोजणीला १५-१५ मिनिटांची नोंद ठेवणारा मीटर हवा, आणि येथे गाडी अडते. २०२४ च्या उन्हाळ्यात स्मार्ट मीटरांना आपल्याच शहरात मोठा विरोध झाला. त्या विरोधात अफवा होत्या, तसेच रास्त प्रश्नही होते. नवा मीटर ग्राहकाकडून पैसे आधी घेतो एवढेच लोकांना दिसले. दुपारी वीज वापरल्याबद्दल तो ग्राहकाला पैसे देऊही शकतो, हे दाखवले गेले नाही. दुसरी अडचण अधिक साधी आहे: कामाच्या दिवशी दुपारी गाड्या घरी नसतातच. मकरपुऱ्याच्या कारखान्यात उभ्या असलेल्या गाडीने कारेलीबागेतील गल्लीचे व्होल्टेज उतरत नाही. तिने मकरपुऱ्यातल्या छपरावरची वीज घ्यावी, आणि त्याचे बक्षीस तिला तेथे मिळावे. घरच्या गल्लीसाठी उरतात रविवार, सणवार आणि घरी असणारी निवृत्त माणसे.

आतेभाव त्यांपैकीच एक. पुढच्या रविवारी त्याने साडेअकराला गाडी लावली आणि इन्व्हर्टरच्या पडद्यासमोर खुर्ची टाकून बसला. आकडा २४९ च्या वर गेला नाही. समोरच्या घराचा इन्व्हर्टरही त्या दुपारी एकदाही बंद पडला नाही. त्या घरच्यांना याचे कारण ठाऊक नाही, आणि आतेभावाच्या बिलात या कामाचा एक रुपयाही आलेला नाही.