ओव्हरड्राफ्ट चार दिवसांचा, नोंद छत्तीस महिन्यांची
ओडी (ओव्हरड्राफ्ट) खाते वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘ओडी वापरला की सिबिल खराब होतं का?’ दुकानदार असोत की वर्कशॉपवाले, हा प्रश्न आम्हाला सगळेच विचारतात. नुसता वापरल्याने होत नाही. 10 लाखांच्या लिमिटमधून तुम्ही 9 लाख उचलले आणि विक्रीचे पैसे येतील तसे भरत राहिलात, तर खाते नियमित आहे. बाकी, म्हणजे बँकेला देणे असलेली रक्कम, लिमिटच्या वर गेली आणि तिथेच राहिली, की बिघडते. गंमत म्हणजे बहुतेक वेळा ती वर जाते तेव्हा तुम्ही चेकही फाडलेला नसतो.

महिन्याची शेवटची तारीख

व्याज रोजच्या बाकीवर मोजले जाते, पण खात्याला नावे पडते, म्हणजे बाकीत मिळवले जाते, महिनाअखेरीस. समजा लिमिट 10,00,000, दर 11 टक्के आणि एप्रिलभर बाकी 9,96,000. 30 दिवसांचे व्याज होते सुमारे 9,005. ते 30 एप्रिलला नावे पडले की बाकी 10,05,005, म्हणजे लिमिटच्या 5,005 रुपये वर. मे महिन्यात धंदा मंद, वसुली थांबलेली. 30 मेला, सलग 30 दिवस वर राहिल्यावर, दिवसअखेर हे खाते एसएमए-1 या इशाऱ्याच्या पहिल्या गटात जाते, 60 दिवसांनी 29 जूनला एसएमए-2 मध्ये आणि 90 दिवसांनी 29 जुलैला एनपीए, म्हणजे अनुत्पादक (थकीत) कर्ज, होते. सुरुवात कशाने झाली, तर पाच हजारांनी.

मधल्या काळात थोडे पैसे भरले तरी बाकी लिमिटच्या आत येत नसेल, तर दिवसांची मोजणी चालूच राहते. 5,005 वर असताना 4,000 भरून उपयोग नाही. शिवाय पुढच्या महिन्याचे व्याज येतेच आहे. उलट दिवसअखेर बाकी खरोखर लिमिटच्या आत आली, तर सलगपणा तुटतो. ही सवलत एनपीए होण्यापूर्वीची. एकदा एनपीए झाले की व्याज आणि मुद्दल यांची सगळी थकबाकी भरल्याशिवाय खाते पुन्हा नियमित होत नाही. आणि एनपीएचा नियम कर्जदाराला लागतो, एकट्या खात्याला नाही. त्याच बँकेत तुमचे गाडीचे कर्ज असेल आणि त्याचा एकही हप्ता चुकला नसेल, तरी तेही एनपीएत ओढले जाते.

म्हणून दर महिन्याच्या 25 तारखेला बाकी पाहा आणि लिमिटच्या किमान 2 टक्के जागा मोकळी ठेवा. हा आमचा अंदाज आहे, बँकेचा नियम नाही. व्याज साधारण 1 टक्क्यात बसते. उरलेली जागा नूतनीकरण शुल्क, त्यावरचा जीएसटी आणि मालाच्या विम्याचा हप्ता यांच्यासाठी. विम्याचा हप्ता बँक वर्षातून एकदा परस्पर नावे टाकते आणि नेमका तोच कुणाच्या लक्षात नसतो.

लिमिट 10 लाखांचे, पण उचलता येतात किती?

मालावर दिलेल्या लिमिटमध्ये ड्रॉइंग पॉवर, म्हणजे डीपी, पाहावी लागते. माल 12 लाखांचा, त्यात 2 लाखांची उधारी देणे बाकी, उरले 10 लाख. 25 टक्के मार्जिन, म्हणजे तुमचा स्वतःचा वाटा, वजा केले की डीपी साडेसात लाख. मंजुरीपत्रावर 10 लाख असले तरी 8 लाख 20 हजार उचलले, तर बँकेच्या हिशेबी तुम्ही 70 हजारांनी वर आहात. लिमिट आणि डीपी यांत जे कमी, तेच धरले जाते. बँकेला द्यायचे मालाचे विवरण, म्हणजे स्टॉक स्टेटमेंट, तीन महिन्यांहून जुने झाले, तर त्याच्या आधारे केलेली उचल अनियमित समजतात. लिमिटचे नूतनीकरण मुदतीनंतर 180 दिवसांत झाले नाही, तरी खाते एनपीए होऊ शकते. धंदा जोरात असला तरी.

पगारदारांना मिळणारा ड्रॉपलाइन ओडी वेगळ्या वाटेने अडकवतो. 6 लाखांचे लिमिट 60 महिन्यांचे असेल, तर ते दरमहा 10,000 ने उतरते. बाकी आहे तिथेच ठेवली, तर एक दिवस लिमिटच तिच्या खाली जाते.

लिमिटच्या आत राहूनही खाते बिघडते, हे पुष्कळांना माहीत नसते. सलग 90 दिवस खात्यात काहीच जमा नाही, किंवा जमा झालेली रक्कम त्या काळातल्या व्याजाएवढीही नाही, तर ते खाते ‘आउट ऑफ ऑर्डर’ ठरते, म्हणजेच एनपीए होते. लग्नासाठी एकदाच मोठी रक्कम उचलून खात्याकडे पाठ फिरवणाऱ्यांचे हेच होते. मुदत ठेवीवरच्या ओडीत पुरेसे मार्जिन शिल्लक असेल, तर एनपीएचा हा नियम लागत नाही. चार दिवसांची नड असेल तर आम्ही आधी तोच सुचवतो.

लिमिट नसताना शाखा व्यवस्थापक चालू खात्यात तात्पुरती उचल देतात, तिला टीओडी म्हणतात. फेडीची तारीख ईमेलवर मागून घ्या. ‘बघू, भरा सावकाश’ हे तोंडी बोलणे बँकेच्या संगणकाला कळत नाही.

नोंद कुठे दिसते

प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्याच्या मालकीचा धंदा, असेल तर धंद्याचा ओडी मालकाच्या पॅनवरच्या सिबिल अहवालातच येतो. घरकर्जाच्या अर्जाला तोच अहवाल काढला जातो. ‘नागरी सहकारी बँकेतला आहे, सिबिलला कळणार नाही’ हा समज चुकीचा आहे, त्या बँकांनाही माहिती द्यावी लागते. 1 जानेवारी 2025 पासून ही माहिती पंधरा दिवसांनी किंवा त्याहून कमी अंतराने जाते, त्यामुळे पुढच्या महिन्यात मिटवू म्हणेपर्यंत नोंद झालेली असते. चेक परतल्याची नोंद सिबिलमध्ये येत नाही. पण खात्यात जागा नसल्याने दुसऱ्या कर्जाचा हप्ता परत गेला आणि थकला, तर ती थकबाकी येते.

‘30 टक्क्यांपेक्षा जास्त लिमिट वापरू नका’ हा सल्ला क्रेडिट कार्डासाठी दिला जातो. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम नाही. खेळते भांडवल म्हणून घेतलेल्या ओडीला तो लावाल, तर माल भरणार कशाने?

वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो, सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून प्रत्येकी. त्यात ओडीच्या खात्याखाली मागच्या छत्तीस महिन्यांचे चौकोन असतात. 000 किंवा एसटीडी (स्टँडर्ड) म्हणजे ठीक. 036 म्हणजे 36 दिवस थकीत. एसएमए दिसले तर त्या महिन्याचा खातेउतारा काढून पडताळा.

नोंद चुकीची असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि उतारा जोडून बँकेलाही लिहा. तक्रार 30 दिवसांत मिटायला हवी. त्यानंतर दर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. नोंद खरी असेल, तर पैसे भरूनही ती पुसली जात नाही. अशी खात्री देऊन पैसे मागणाऱ्यांना देऊ नका.

ओडी बंद करताना त्या दिवसापर्यंतचे व्याज भरा, उरलेले चेक परत करा आणि ‘येणे बाकी नाही’ असे पत्र घ्या. दीड महिन्याने अहवाल पाहा: खात्यापुढे ‘क्लोज्ड’ हवे. ‘सेटल्ड’ लिहिले असेल, तर बँकेने काही रक्कम सोडून दिली असा त्याचा अर्थ होतो. पूर्ण पैसे भरूनही तसे दिसत असेल, तर ते पत्र घेऊन आमच्याकडे या.