डब्यातले मेण आणि बॉनेटवरचे मेण

गाडीच्या रंगावर लावायचे मेण दुकानात घ्यायला गेले की साधारण दोन प्रकारचे डबे समोर येतात. एकातले मेण इतके घट्ट असते की त्यावर स्पंज दोन-तीनदा फिरवल्याशिवाय ते हाताला लागत नाही, तर दुसऱ्यातले लोण्यासारखे बोटाने सहज उचलता येते. घट्ट मेणाचा थर गाडीवरही घट्ट बसेल, जास्त टिकेल आणि ओरखड्यांपासून वाचवील, अशी समजूत त्यामुळे सहज होते. ही समजूत बऱ्याच अंशी चुकीची आहे. ती का चुकीची आहे हे समजले, तर मुंबईसारख्या दमट, खाऱ्या वाऱ्याच्या आणि धुवाधार पावसाच्या शहरात मेण निवडणे पुष्कळ सोपे होते.

घरातली बुटांच्या पॉलिशची डबी उघडी राहिली की काही आठवड्यांनी आतले पॉलिश आक्रसते आणि त्याला भेगा पडतात, हे अनेकांनी पाहिले असेल. पॉलिशमध्ये मेण असते तसा टर्पेंटाइनसारखा द्रावकही असतो आणि तो उडून गेल्यामुळे हे घडते. गाडीच्या मेणाची घडण अशीच असते. त्यात एक-दोन प्रकारची मेणे, ती पातळ करणारा द्रावक आणि थोडे तेल असते. द्रावक व तेल कमी असले की मेण घट्ट राहते, जास्त असले की मऊ होते. गाडीवर लावल्यानंतर मात्र द्रावक दोन्हींतून उडून जातो, आणि जे मागे उरते त्याचा डब्यातल्या घट्टपणाशी फारच थोडा संबंध राहतो. म्हणून डबा दाबून पाहण्यापेक्षा त्यात कोणते मेण आहे आणि तेल किती आहे, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

या मेणांमध्ये कार्नोबाचे नाव सर्वांत आधी घेतले जाते. ईशान्य ब्राझीलमधील सेआरा आणि पियाउई या कोरड्या राज्यांत वाढणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर ते साठते. उन्हाळ्यात पानातले पाणी उडून जाऊ नये म्हणून झाडाने केलेली ही तजवीज असते. पाने कापून उन्हात वाळवतात आणि झोडपून त्यांवरचे मेण भुकटीच्या रूपात सुटे करतात. आपल्याकडे मऊपणाची उपमा मेणावरून दिली जाते, पण शुद्ध कार्नोबाचा खडा हाताने चुरगळत नाही; तो काचेसारखा कडकन तुटतो. नैसर्गिक मेणांत ते सर्वांत कठीण मानले जाते आणि ८२ ते ८६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, तर मेणबत्तीतले पॅराफिन प्रकारानुसार साधारण ४६ ते ६८ अंशांना. शुद्ध कार्नोबा कोणालाही गाडीवर पसरवता येणार नाही, त्यामुळे ते नेहमी कशात तरी मिसळलेलेच असते. पॅराफिनमध्ये ते थोडेसे मिसळले, तरी मिश्रण वितळण्याचे तापमान चांगलेच वर जाते.

मुंबईच्या दृष्टीने हे तापमान महत्त्वाचे आहे. मे महिन्यात उघड्यावर उभ्या असलेल्या गडद रंगाच्या गाडीचा टप आणि बॉनेट ६० अंशांच्याही वर तापू शकतात, आणि तेथे पॅराफिनचा किंवा तेलकट मेणाचा थर मऊ पडतो. मऊ थरावर धूळ चिकटते. ज्या रस्त्यावर इमारतींची कामे चालू आहेत तेथे ही धूळ सिमेंटची आणि बारीक कचीची असते. अशी धूळ कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे रंगावर पॉलिश पेपर फिरवण्यासारखे आहे, आणि सोसायट्यांच्या आवारात रोज सकाळी नेमके हेच होताना पाहून मला मनापासून वाईट वाटते.

ओरखड्यांपासून संरक्षण मिळेल, या आशेने कठीण मेण घेऊ नये. आजच्या गाड्यांवर रंगाच्या सर्व थरांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते आणि त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ असतो. पुसून उरलेला मेणाचा थर त्याहून कितीतरी पातळ, आणि कार्नोबा असला तरी क्लिअर कोटपेक्षा मऊच असतो. अतिनील किरणेही तो फारशी अडवत नाही. ते काम क्लिअर कोटमध्येच मिसळलेली रसायने करतात.

मग मेण नेमके करते काय? ते पाण्याला रंगाशी सलगी करू देत नाही. मेणाच्या पृष्ठभागाचे पाण्याला आकर्षण कमी, त्यामुळे पाणी पसरण्याऐवजी थेंब करून राहते. अळूच्या पानावरही मेणच असते, पण तेथे सूक्ष्म उंचवट्यांची खरबरीत रचना असल्याने थेंब जवळजवळ पूर्ण गोल होतो आणि पान जरा हलले तरी घरंगळतो. गाडीवरचे मेण सपाट असते. तेथे थेंब फुगतो, पण आडव्या बॉनेटवर जागीच थांबतो. पावसाच्या पाण्यात क्षार कमी असल्याने त्याने फारसे बिघडत नाही. टँकरच्या किंवा बोअरवेलच्या जड पाण्याने गाडी धुऊन ती उन्हात तशीच सोडली, तर मात्र प्रत्येक थेंबाच्या जागी कॅल्शियमचा पांढरा गोल डाग उमटतो. म्हणून मेण लावलेली गाडी धुतल्यावर लगेच टिपून घेणे अधिकच आवश्यक ठरते.

मऊ, तेलयुक्त मेणाची बाजूही मांडायला हवी. त्यातले तेल बारीक ओरखड्यांत भरते, आणि क्लिअर कोट व तेल यांतून प्रकाश जवळपास सारखाच वळत असल्याने तो ओरखड्याच्या कडांवर विखुरत नाही. जुन्या काळ्या किंवा गडद निळ्या गाडीला यामुळे ओलसर, खोल झळाळी येते. ही झळाळी काही आठवड्यांत ओसरते, परंतु मऊ मेण लावायला कष्ट कमी पडतात, आणि जे वारंवार लावणे शक्य आहे ते वर्षातून एकदाच लावल्या जाणाऱ्या उत्तम मेणापेक्षा गाडीच्या अधिक उपयोगी पडते. एक खबरदारी मात्र घ्यावी: काही मऊ मेणांत घासणारी भुकटी मिसळलेली असते. अशा मेणाने प्रत्येक वेळी क्लिअर कोट किंचित झिजतो, म्हणून ते पुनःपुन्हा लावण्यासाठी नाही.

पक्ष्यांची विष्ठा आणि वर्षावृक्षाखाली टपावर पडणारा किड्यांचा चिकट, गोड स्राव, या दोन्हींपुढे कोणतेही मेण फार काळ तग धरत नाही. ते फक्त धुण्यासाठी थोडी सवड मिळवून देते.

मुंबईत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी मी कार्नोबाचे प्रमाण चांगले आणि तेल कमी असलेले मेण निवडतो आणि ते मेच्या शेवटच्या आठवड्यात लावतो, कारण सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या काळात सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो एकदा सुरू झाला की गाडी पूर्ण कोरडी मिळणे कठीण होते. तळघरात किंवा छपराखाली उभ्या राहणाऱ्या गाडीला मऊ मेण पुरते. लावण्याचे काम सकाळी लवकर, सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना करावे. तापलेल्या पत्र्यावर द्रावक क्षणात उडतो आणि मेणाचे असे पापुद्रे बसतात की ते काढताना घाम निघतो. थर अगदी पातळ द्यावा, कारण जास्तीचे मेण शेवटी फडक्यातच जाते.

ऑगस्टमध्ये एखादा कोरडा दिवस मिळाला की टपावर आणि दारावर पेलाभर पाणी ओतून पाहावे. दारावर थेंब उभे राहतात आणि टपावर पाणी सपाट पसरते, असे बहुधा दिसेल. अशा वेळी सगळी गाडी पुन्हा घासण्याची गरज नसते. टप आणि बॉनेट एवढ्यांनाच मेण लावले तरी चालते.