सागरी गुन्हेगारीविरोधी कार्यक्रम आणि त्याचे कार्यालयीन काम : पार्श्वभूमी

संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेगारीविषयक कार्यालयातर्फे, म्हणजे यूएनओडीसीतर्फे, चालवल्या जाणाऱ्या जागतिक सागरी गुन्हे कार्यक्रमाची ओळख बहुतेकांना गस्तीनौका, तटरक्षकांचे प्रशिक्षण आणि चाच्यांवरील खटले यांतून होते. या कार्यक्रमात प्रशासकीय साहाय्यकांची पदे मोठ्या संख्येने का लागतात, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. त्याचे उत्तर कार्यक्रमाच्या जन्मकथेतच आहे. समुद्रावर आरोपी पकडला जाणे आणि न्यायालयात त्याच्यावर खटला उभा राहणे यांमध्ये जी पोकळी होती, ती भरण्यासाठी हा कार्यक्रम सुरू झाला, आणि ती भरून काढण्याचे बरेचसे काम कागदावरचेच होते.

१९८२ च्या सागरी कायदाविषयक करारातील कलम १०५ नुसार खुल्या समुद्रावरील चाच्यांचे जहाज कोणतेही राष्ट्र ताब्यात घेऊ शकते आणि त्या राष्ट्राची न्यायालये शिक्षा ठरवू शकतात. मात्र खटला चालवलाच पाहिजे, असे बंधन हे कलम घालत नाही. सोमालियाच्या किनाऱ्यालगत चाचेगिरी वाढल्यावर सुरक्षा परिषदेने २ जून २००८ रोजी ठराव क्रमांक १८१६ संमत करून सोमालियाच्या प्रादेशिक समुद्रातही कारवाईची मुभा दिली, डिसेंबर २००८ मध्ये युरोपीय संघाची ‘अटालांटा’ ही नौदल मोहीम सुरू झाली आणि पाठोपाठ इतर नौदलेही आली. युद्धनौका भरपूर आल्या, पण पकडलेल्यांना न्यायचे कुठे, हे ठरलेले नव्हते. संशयितांची शस्त्रे व शिड्या जप्त करून त्यांना पुन्हा किनाऱ्याकडे सोडून दिल्याचे प्रकार त्यामुळे वारंवार घडले.

केनियाला या खटल्यांचा थोडा अनुभव होता. जानेवारी २००६ मध्ये ‘सफिना अल बिसारत’ हे भारतीय गलबत ताब्यात घेणाऱ्या दहा सोमाली व्यक्तींना अमेरिकी नौदलाने पकडून मोंबासात सोपवले होते, आणि तिथल्या न्यायालयाने त्याच वर्षी त्यांना प्रत्येकी सात वर्षांची शिक्षा सुनावली होती. डिसेंबर २००८ ते मार्च २००९ या काळात ब्रिटन, अमेरिका आणि युरोपीय संघाने केनियाशी आरोपी हस्तांतरणाचे करार केले. आधीच तुंबलेल्या न्यायालयांवर आणि भरलेल्या तुरुंगांवर हा भार एकाएकी पडला. तो पेलण्यासाठी केनियाला मदत करायची म्हणून २००९ मध्ये यूएनओडीसीने नैरोबीतून चाचेगिरीविरोधी कार्यक्रम सुरू केला; तोच पुढे जागतिक सागरी गुन्हे कार्यक्रम झाला.

ही मदत प्रत्यक्षात कशी असते, हे एका साक्षीवरून कळते. हल्ला झालेल्या जहाजावरचा खलाशी हा खटल्यातला महत्त्वाचा साक्षीदार. पण तो कंत्राटावर काम करतो, आणि सुनावणीची तारीख लागेपर्यंत तो दुसऱ्याच जहाजावर, दुसऱ्याच महासागरात असतो किंवा आपल्या गावी परतलेला असतो. त्याला भरती करणाऱ्या कंपनीला पत्र पाठवायचे, व्हिसा मिळवायचा, तिकीट काढायचे, मोंबासात राहण्याची सोय करायची, दैनिक भत्त्याची मंजुरी घ्यायची आणि साक्षीदाराची भाषा जाणणारा दुभाषी त्याच दिवशी न्यायालयात हजर राहील हे पाहायचे. आरोपींना सोमाली भाषेत कामकाज समजावून देणारा दुभाषी वेगळा, आणि त्यांच्या बचावाच्या वकिलाचे मानधन हेही वेगळे काम. सुनावणी पुढे ढकलली गेली की यातला जवळजवळ प्रत्येक कागद नव्याने करावा लागतो. साक्षीदार आलाच नाही तर युद्धनौकेने केलेली अटक वाया जाते, म्हणून या कामाला दुय्यम म्हणणे मला मुळीच पटत नाही.

जून २०१० मध्ये मोंबासातील शिमो ला तेवा तुरुंगाच्या आवारात अशा गंभीर खटल्यांसाठी खास न्यायालयीन इमारत सुरू झाली. त्याच वर्षी केनियाने हस्तांतरणाचे करार संपवले आणि नोव्हेंबरमध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने खुल्या समुद्रावरील चाचेगिरीबाबत देशाच्या न्यायालयांना अधिकारक्षेत्र नसल्याचा निर्णय दिला. अपील न्यायालयाने तो २०१२ मध्ये फिरवला. दरम्यान सेशेल्स आणि मॉरिशस ही बेटराष्ट्रे पुढे आली होती. लहान देशांना परदेशी कैदी दीर्घकाळ सांभाळणे परवडणारे नव्हते, म्हणून शिक्षा झालेल्यांना सोमाली प्रदेशात परत पाठवण्याची व्यवस्था उभी राहिली. सोमालियापासून स्वतंत्र झाल्याचे घोषित केलेल्या सोमालीलँडच्या राजधानीतला, हार्गेसाचा, तुरुंग यूएनओडीसीच्या साहाय्याने सज्ज झाला आणि मार्च २०१२ मध्ये सेशेल्समधून कैद्यांची पहिली तुकडी सोमालीलँडला गेली. अशा हस्तांतरणाआधी अपिले संपल्याची खात्री, उरलेल्या शिक्षेचा हिशेब आणि दोन्ही बाजूंच्या संमतीची पत्रे गोळा करावी लागतात. बांधकामाच्या निविदा आणि कंत्राटदारांची देयके हा व्याप त्याशिवाय असतो.

पैशाची रचना या कामाला आणखी गुंतागुंतीचे करते. यूएनओडीसीच्या निधीचा फार मोठा भाग देणगीदार राष्ट्रांच्या ऐच्छिक अंशदानातून येतो आणि तोही बहुतेक वेळा विशिष्ट कामासाठी, विशिष्ट मुदतीसाठी राखून दिलेला असतो. एकाने दिलेला पैसा तुरुंगासाठी असेल तर तो दुसऱ्या ठिकाणच्या प्रशिक्षणावर खर्चता येत नाही, आणि प्रत्येकाला स्वतंत्र अहवाल हवा असतो. ऐच्छिक निधीवर सर्वसाधारणपणे १३ टक्के कार्यक्रम-साहाय्य खर्च आकारण्याची संयुक्त राष्ट्रांची पद्धत आहे. कार्यालयीन यंत्रणेचा खर्च बऱ्याच अंशी त्यातून भागतो. नियमही साक्षीदारांना डोळ्यांसमोर ठेवून घडलेले नाहीत. अधिकृत प्रवासाचे तिकीट प्रवासाच्या सोळा दिवस आधी पक्के करावे, हा संयुक्त राष्ट्रांचा नियम काटकसरीसाठी योग्यच आहे, पण न्यायालयाची तारीख त्या बेताने लागत नाही. अपवादासाठीची टिपणे लिहिणे हे मग साहाय्यकाचे नित्यकर्म होऊन बसते. २०१५ मध्ये यूएनओडीसीचे मुख्यालय असलेले व्हिएन्ना आणि नैरोबी या दोन्ही केंद्रांत ‘उमोजा’ ही एकत्रित संगणकप्रणाली आली, तेव्हा प्रवास, खरेदी आणि लेखा हे सारे एकाच ठिकाणी नोंदवले जाऊ लागले.

आंतरराष्ट्रीय सागरी ब्यूरोच्या नोंदीनुसार २०११ मध्ये सोमाली चाच्यांनी २३७ हल्ले केले. त्यानंतर ते झपाट्याने घटले. कार्यक्रम मात्र बंद झाला नाही, तो विस्तारला. जून २०१३ मध्ये कॅमेरूनमधील याउंदे येथे पश्चिम व मध्य आफ्रिकेतील राष्ट्रांनी सागरी गुन्हे रोखण्यासाठीची आचारसंहिता स्वीकारली आणि गिनीच्या आखातातही असे काम वाढले. हिंद महासागरात गलबतांतून होणारी हेरॉइनची वाहतूक हा तितकाच अवघड प्रश्न होता, कारण खुल्या समुद्रावर माल जप्त करून नष्ट करता येई, पण खलाशांवर खटला चालवायला कोणतेच न्यायालय नसे. नव्या प्रदेशांबरोबर कार्यालये वाढली, आणि नैरोबीत बसून करायची कामे वेगवेगळ्या चलनांत, भाषांत आणि बँकव्यवस्थांत करावी लागू लागली.

सोमालियाच्या समुद्रातील कारवाईची सुरक्षा परिषदेने दिलेली मुभा मार्च २०२२ मध्ये संपली. डिसेंबर २०२३ मध्ये माल्टाचा ध्वज असलेले ‘रुएन’ हे जहाज सोमाली चाच्यांनी पळवले. मार्च २०२४ मध्ये भारतीय नौदलाने ते सोडवून ३५ आरोपींना मुंबईत आणले आणि २०२२ च्या सागरी चाचेगिरीविरोधी कायद्याखाली त्यांच्यावर कारवाई सुरू झाली. जहाजावरच्या सतरा खलाशांमध्ये बल्गेरिया, म्यानमार आणि अंगोला या तीन देशांचे नागरिक होते. अशा खटल्यात त्यांना साक्षीला बोलवायचे झाले तर मोंबासातल्या खटल्यांना लागले ते सारे पुन्हा लागते: तीन देशांशी पत्रव्यवहार, व्हिसा, तिकिटे, दुभाषी, आणि तारीख बदलली की त्या सगळ्याची फेरजुळणी.