शंभरी ओलांडलेले पणजोबा आणि नावाचं वजन

नवी मुंबईतल्या घणसोलीला एका मित्राकडे गणपतीत जेवायला गेलो होतो. पानं उठल्यावर त्याने कपाटातून एक फुगलेली प्लास्टिकची फाइल काढली. सिडकोच्या साडेबारा टक्के भूखंड योजनेच्या वेळी जमवलेले कागद तिच्यात अजून तसेच होते. सातबारे, फेरफार (जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदी), वारस दाखला आणि सगळ्यांत खाली एका मोडी कागदाची झेरॉक्स. मोडी वाचणाऱ्याने तिच्यावर पेन्सिलीने बाळबोध अक्षर उतरवलेलं.

“आमचा पणजा शंभरी पार करून गेला. हा पुरावा.”

पुरावा असा. मोडी कागदावर शके १७८९, खातेदार पांडू रामा. आणि १९५१ च्या फेरफारात ‘खातेदार पांडू रामा मयत, वारस खालीलप्रमाणे’. (नावं बदलली आहेत, नाहीतर गावात लगेच ओळखतील.) शकात ७८ मिळवले की १८६७. खातेदार अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असता तर पालनकर्त्याचं नाव लागलं असतं. ते नाही, म्हणजे गडी सज्ञान. १८६७ साली अठराचा धरला तरी १९५१ ला १०२ वर्षांचा. घरात कोणाला शंका नव्हती. उलट कारणंही तयार होती: तांदळाची भाकरी, खाडीची मासळी, मिठागरातली मेहनत. मी म्हटलं, हे दोन माणसं असतील. त्यावर मोदकाची ताटली माझ्यासमोरून उचलली गेली नाही, एवढाच त्या घराचा चांगुलपणा.

अशी फसगत फक्त घणसोलीत होते असं नाही. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये पिएर जूबेर नावाच्या माणसाचा जन्म १७०१ चा आणि मृत्यू १८१४ चा, म्हणजे वय ११३, असं विक्रमांच्या यादीत बरीच वर्षं छापलं जात होतं. पुढे चर्चच्या नोंदी तपासल्यावर कळलं की जन्म बापाचा आणि मृत्यू त्याच नावाच्या मुलाचा. दोन आयुष्यं जोडून एक लांब आयुष्य तयार झालं होतं. अमुक डोंगरात लोक दीडशे वर्षं जगतात, अमुक बाबांचं वय दोनशे, असले फॉरवर्ड आले की मला जडीबुटीच्या आधी हा जूबेर आठवतो.

क्यूबेकमध्ये बाप आणि मुलगा एका नावाचे. आपल्याकडे हा घोळ एक पिढी सोडून होतो, कारण आजोबांचं नाव नातवाला. पेशव्यांचंच घ्या. बाळाजी विश्वनाथ एप्रिल १७२० मध्ये वारले आणि त्याच वर्षी डिसेंबरात बाजीरावांना मुलगा झाला. नाव काय ठेवलं? बाळाजी. तेच नानासाहेब. पहिल्या बाजीरावाचा नातू म्हणजे रघुनाथरावांचा मुलगा, दुसरा बाजीराव. इतिहासात थोरले, सवाई, पहिला, दुसरा अशी लेबलं लागली म्हणून आपण परीक्षेत पास झालो. घणसोलीच्या पांडूला कोणी सवाई म्हटलं नाही. पांडूचा मुलगा रामा, रामाचा मुलगा पांडू, आणि बापाचं नाव मागे लावायची आपली रीत. त्यामुळे आजा आणि नातू दोघेही कागदावर अक्षरशः एकच: पांडू रामा.

“अरे, पण नाव जुळतं, बापाचं नाव जुळतं, गाव जुळतं. आणखी काय पाहिजे?” मित्राचा हा प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. त्याला गणिताने दिलेलं उत्तर मला इतकं आवडतं की इथे जरा रेंगाळणार आहे.

दोन कागदांवरचा माणूस एकच आहे का, हे मोजायची रीत पुढे आणली ती हॉवर्ड न्यूकोम या कॅनडातल्या जनुकशास्त्रज्ञाने. त्याला वंशावळीचा शौक नव्हता. किरणोत्साराचा पुढच्या पिढ्यांवर परिणाम होतो का हे शोधायचं, तर ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या लग्नांच्या आणि जन्मांच्या नोंदी एकमेकींना जोडणं भाग होतं. नोंदी ढिगाने आणि नावं तीच ती. १९५९ साली त्याने आणि सहकाऱ्यांनी हे काम संगणकाकडून कसं करून घ्यायचं ते मांडलं. १९६९ मध्ये फेलेगी आणि संटर या दोन संख्याशास्त्रज्ञांनी त्याला पक्की गणिती बैठक दिली. आज जनगणनेपासून रुग्णालयांपर्यंत नोंदी जुळवण्याच्या मुळाशी बहुतेकदा हीच कल्पना असते.

कल्पना आहे तराजूची. गावात २०० पुरुष आहेत असं समजू. शंभरातले ५ पांडू, आणि शंभरातल्या ८ जणांच्या बापाचं नाव रामा. (आकडे माझे, हिशेबापुरते.) आपल्याकडच्या कागदावर पांडू रामा आहे आणि दुसऱ्या कागदावरचा माणूस त्या २०० पैकी कोणीतरी आहे. खरा माणूस बाजूला काढला की उरले १९९. त्यांच्यात निव्वळ योगायोगाने पांडू रामा किती निघतील? १९९ चे ५ टक्के, त्याचे ८ टक्के: साधारण ०.८. आता दुसरं पारडं. खरा माणूस दुसऱ्या कागदावर त्याच नावाने दिसेलच असं नाही. कोणी पांडुरंग लिहिलं असेल, कोणी रामाचा रामजी केला असेल. प्रत्येक नाव जसंच्या तसं उतरण्याची शक्यता ९० टक्के धरली तर दोन्ही नावं नीट उतरण्याची ८१ टक्के. म्हणजे एका पारड्यात ०.८१, दुसऱ्यात ०.८.

छापा-काटा! नाव, बापाचं नाव आणि गाव, तिन्ही जुळूनही तोच माणूस असण्याची शक्यता निम्मी.

यातला गाभा म्हणजे एक गुणोत्तर. माणूस एकच असेल तर ही गोष्ट किती वेळा जुळेल, भागिले माणसं वेगळी असतील तर किती वेळा जुळेल. पांडूसाठी ९० भागिले ५, म्हणजे १८. रामासाठी ९० भागिले ८, म्हणजे सव्वाअकरा. गुणाकार करत बसण्यापेक्षा न्यूकोमने २ च्या पायाचे लॉगॅरिदम घेतले, म्हणजे नुसती बेरीज करायची: गुणोत्तर दुप्पट झालं की वजन एकने वाढलं. पांडूचं वजन ४.२, रामाचं ३.५, बेरीज ७.७. समोरच्या पारड्यात त्या १९९ जणांचं वजन, ७.६. काटा मधोमध. (लॉगॅरिदमची भीती अजून गेली नसेल तर वजनं विसरा, पारडी लक्षात ठेवा.)

आता बायकोचं नाव घालू. दोन्ही कागदांवर येसू आहे. एकाच माणसाच्या दोन कागदांवर बायकोचं नाव जुळण्याची शक्यता मी ६० टक्केच धरतो, कारण पहिली बायको बाळंतपणात जायची आणि दुसरी यायची. शिवाय लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं की माहेरची येसू सासरी लक्ष्मी व्हायची. योगायोगाने जुळण्याची शक्यता २ टक्के. गुणोत्तर ३०, वजन ४.९. छापा-काट्याची ९७ टक्के खात्री झाली. पण बायकोचं नाव जुळलं नाही तर? ४० भागिले ९८, वजन उणे १.३. शक्यता उतरते ती २९ टक्क्यांपर्यंतच, शून्यावर येत नाही. जुळणं आणि न जुळणं या सारख्याच ताकदीच्या गोष्टी नाहीत. वंशावळ करणारे इथे हटकून चुकतात. बायको वेगळी म्हणजे माणूस वेगळा असं ठरवून मोकळे होतात.

नाव जितकं दुर्मीळ तितकं वजन जास्त. हजारात एखाद्याचं असणारं नाव एकट्याने ९.८ चं वजन टाकतं आणि त्या १९९ जणांचं पारडं वर उचलतं. जुन्या नोंदींत दगडू, धोंडू भेटतात ते मला वेगळ्या कारणाने आवडतात. आधीची मुलं दगावली की पुढच्याला दृष्ट लागू नये म्हणून असं टाकाऊ नाव ठेवायचे. देवीची साथ काही नाव वाचून घरात शिरत नव्हती, त्यामुळे दगडूला त्या नावाचा उपयोग शून्य. आपल्याला मात्र आहे, कारण या नावाच्या आधी घरात एखाद-दोन मुलं गेली असावीत असं ते सुचवतं.

परदेशी वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये साउंडेक्स नावाची युक्ती हमखास असते. १९१८ साली अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं गेलं. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं आणि पुढच्या व्यंजनांना आकडे द्यायचे, म्हणजे सारखे उच्चार एका खणात पडतात. तिला आपला विठ्ठल देऊन बघा. कागदावर तो विठू, विठोबा, इठू, इठोबा असा कसाही येतो. पहिलं अक्षरच पळालं की साउंडेक्स गार. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसल्याने पांडु की पांडू हा वाद तरी वाचतो.

आता या सुंदर तराजूतली खोट. ५ टक्के गुणिले ८ टक्के हे तेव्हाच बरोबर, जेव्हा नावं गावभर फाशांसारखी विखुरलेली असतात. तशी ती नसतात. रामाला तीन मुलगे, तिघांनीही पहिल्या मुलाचं नाव रामा ठेवलं तर एकाच भावकीत तीन रामा. त्यातल्या दोघांनी मुलाचं नाव पांडू ठेवलं की संपलंच. म्हणजे योगायोगाचे ०.८ हे कमीत कमी. ‘सर्व्हे नंबर तर जुळतो ना’ हेही इथे फसवं, कारण सर्व्हे नंबर परक्या घराला वेगळं काढतो, पण आज्याला आणि नातवाला नाही. नावाबरोबर जमीनही उतरते. सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, लिहिलेलं असेल तर धाकटे भाऊ कागदावरून गायबच.

मित्राच्या मुलीने यावर उपाय सुचवला: डीएनए टेस्ट. सध्या कोणत्याही कौटुंबिक प्रश्नाला हेच उत्तर असतं, आणि जाहिराती तुम्ही किती टक्के कुठले हे रंगीत वर्तुळात दाखवतात. पण वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. आज्याचं, नातवाचं आणि चुलत पांडूचं वाय एकच. नावासारखंच तेही भावकीत वाटलेलं. हे घर त्या घराचं आहे का, हे चाचणी सांगेल. १८६७ च्या कागदावरचा पांडू कुठला, हे नाही सांगणार.

आज्याला नातवापासून वेगळं करतो तो काळ. दोघांच्या जन्मांत साधारण पन्नास वर्षांचं अंतर असतं, म्हणून मधल्या पिढीचा कागद शोधायचा. आम्ही फाइल पुन्हा उलटली. ‘दुसऱ्या घरातला’ म्हणून बाजूला ठेवलेला १९१२ चा एक फेरफार होता: पांडू रामा मयत, वारस मुलगा रामा. सर्व्हे नंबर मोडी कागदावरचाच. म्हणजे १८६७ चा पांडू बहुधा १९१२ पर्यंत गेला, आणि १९५१ साली गेला तो त्याचा नातू. शंभरीची दोन साधी आयुष्यं झाली. मित्राच्या आईने हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग फोटोतला कुठला?”

भिंतीवर पागोटं घातलेला एक म्हातारा आहे. फोटोखाली नाव लिहिलंय: पांडू रामा.

गेल्या आठवड्यात मित्राचा फोन आला. क.ड.ई. पत्रकाची (जमिनीच्या जुन्या नोंदींचं एक पत्रक) नक्कल मिळाली आहे आणि शेजारच्या हिश्श्यात तिसरा पांडू रामा निघालाय, चुलत घरातला. रविवारी यायला सांगितलंय. येताना कॅल्क्युलेटर आण म्हणाला.