जबडा-शस्त्रक्रियेनंतर चेहऱ्यातील बदलाचे मापन

जबड्यांची ठेवण सुधारणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर चेहरा कुठे, किती आणि कोणत्या दिशेने बदलला हे मोजण्याच्या पद्धती. या शस्त्रक्रियेला ऑर्थोग्नॅथिक सर्जरी म्हणतात. तीत वरचा जबडा बहुधा ल फोर्ट-१ छेदाने, म्हणजे वरच्या दातांच्या मुळांच्या वरून घेतलेल्या आडव्या छेदाने, मोकळा करून हलवतात. खालच्या जबड्याचे हाड दोन्ही बाजूंना उभे दुभंगून पुढे-मागे सरकवतात आणि पट्ट्या व स्क्रूंनी पक्के करतात.

हाड किती सरकवायचे हे आधी ठरलेले असते, मग वेगळे मापन कशाला? कारण त्वचा, स्नायू आणि चरबी हाडाच्या बरोबरीने सरकत नाहीत. खालचा जबडा पुढे आणला की हनुवटीवरची त्वचा जवळजवळ हाडाइतकीच पुढे येते. वरचा जबडा पुढे आणल्यावर मात्र वरचा ओठ त्यापेक्षा बराच कमी सरकतो, आणि नाकपुड्यांची बुडाशी असलेली रुंदी वाढू शकते. रुग्ण आरशात पाहतो ती त्वचा, हाड नव्हे.

१९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी डोके ठरावीक स्थितीत ठेवून क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत मांडली. तिच्यावर आधारलेली सेफॅलोमेट्री, म्हणजे अशा चित्रावरून डोके व चेहऱ्याची मापे घेणे, आजही वापरात आहे. पण बाजूने घेतलेल्या चित्रात चेहऱ्याचे दोन्ही अर्धे भाग एकमेकांवर पडतात. गालांतला बदल किंवा एका बाजूला कललेली हनुवटी त्यावरून नीट कळत नाही. ही उणीव त्रिमितीय साधनांनी भरून काढली. कोन-बीम सीटी (शंकूच्या आकाराच्या क्ष-किरण झोताने केलेल्या) स्कॅनमध्ये हाड आणि त्वचेची बाह्यरेषा दोन्ही मिळतात. स्टिरिओफोटोग्रामेट्रीत अनेक कॅमेरे एकाच क्षणी छायाचित्रे टिपतात आणि संगणक त्यांवरून चेहऱ्याचा पृष्ठभाग उभा करतो. तीत किरणोत्सर्ग नसल्याने ती पुन्हा पुन्हा करता येते.

खरी कसोटी लागते ती आधीचा आणि नंतरचा चेहरा एकमेकांवर ठेवताना. शस्त्रक्रियेने न हललेला भागच आधाराला घ्यावा लागतो: पृष्ठभागासाठी कपाळ आणि नाकाचे मूळ, स्कॅनसाठी कवटीच्या तळाचा पुढचा भाग. संपूर्ण चेहरा जुळवला, तर संगणक फरक सगळीकडे वाटून टाकतो. मग हनुवटीची हालचाल कमी दिसते आणि न हललेले कपाळच मागे गेल्यासारखे भासते. म्हणून कोणता भाग आधाराला घेतला हे न सांगता दिलेला मिलिमीटरचा आकडा निरुपयोगी आहे.

जुळवणीनंतर फरक रंगीत नकाशात दाखवतात. हे नकाशे देखणे असतात, पण जपून वाचावे लागतात. बहुतेक वेळा संगणक एका पृष्ठभागावरील बिंदूपासून दुसऱ्यावरील सर्वांत जवळच्या बिंदूपर्यंतचे अंतर मोजतो. तो बिंदू शरीररचनेच्या दृष्टीने तोच असेल असे नाही. सपाट गालाची त्वचा स्वतःच्याच पातळीत सरकली, तर नकाशा तिथे शून्याच्या आसपास बदल दाखवेल. सरासरी तर आणखी फसवी: खालचा ओठ मागे गेला आणि वरचा पुढे आला, तर अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकतात.

यावर उपाय म्हणजे नाकाचा शेंडा, ओठांचे कोपरे, हनुवटीचे टोक अशा ओळखीच्या बिंदूंची जागा आधी व नंतर नोंदवणे. गालांवर असे ठळक बिंदू फारच कमी. तिथे संगणकावर बिंदूंची एकच जाळी आधीच्या व नंतरच्या दोन्ही चेहऱ्यांवर बसवतात, म्हणजे जाळीचा प्रत्येक बिंदू दोन्हीकडे साधारण त्याच जागी येतो. डाव्या-उजव्या बाजूंतला फरक पाहायला चेहऱ्याची आरशातली प्रतिमा मूळ चेहऱ्यावर ठेवतात.

मापन कधी केले यालाही तितकेच महत्त्व आहे. सूज पहिल्या काही महिन्यांत बरीच उतरते, तरी थोडी रेंगाळते. त्यामुळे स्थिर आकारासाठी साधारण सहा महिने ते वर्षभर थांबतात. वजनातला बदल, दातांवरच्या तारा, आवळलेले ओठ किंवा पुसटसे हसूही आकडे बदलते. म्हणून दर वेळी दात मिटलेले, ओठ सैल आणि डोके नैसर्गिक स्थितीत ठेवायला सांगतात. त्याच व्यक्तीचा चेहरा लागोपाठ दोनदा टिपला तरी थोडा फरक येतोच. हा फरक आधी मोजून ठेवावा आणि त्याहून लहान आकड्याला शस्त्रक्रियेचा परिणाम म्हणू नये.

आकड्यांवरून रुग्णाचे समाधान कळत नाही. त्यासाठी फेस-क्यूसारख्या, रुग्णाला स्वतःच्या चेहऱ्याबद्दल काय वाटते हे विचारणाऱ्या प्रश्नावल्या स्वतंत्रपणे भरून घेतात.