लग्न न झालेल्या आईबापांच्या मुलाचा ताबा: सातारा-सांगलीत अर्ज कोणी, कुठे आणि कोणत्या कागदांवर करायचा

‘मूल आईकडे राहील, बापाचा काही संबंध राहणार नाही’ असं स्टॅम्पपेपरवर लिहून, नोटरीचा शिक्का मारून आणलेले कागद वकिलांच्या टेबलावर नेहमी येतात. खाली दोन साक्षीदार, कधी एखाद्या गावकारभाऱ्याची सही. त्या कागदाने ताबा ठरत नाही. दोघांचं तेव्हा काय ठरलं होतं याची एक खूण म्हणून न्यायाधीश तो वाचतील, एवढंच. ताबा ठरतो तो मुलाच्या हितावर, आणि तो ठरवायचा अधिकार न्यायालयाचा.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: लग्न खरंच झालेलं नाही का? नोंदणी केली नाही म्हणजे लग्नच नाही, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. विधी रीतसर झाले असतील तर नोंदणीविनाही हिंदू विवाह वैध असतो, आणि मग प्रकरणाचा रस्ताच बदलतो. दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे पहिली बायको हयात असताना, काडीमोड न घेता देवळात हार घालून केलेलं दुसरं लग्न. ते कायद्याने शून्य, पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम 16 मुळे त्यातलं मूल औरसच धरलं जातं. त्यामुळे वकिलाला पहिल्याच भेटीत सगळं सांगून टाका. लाजेखातर झाकलेली गोष्ट उलटतपासणीत निघाली की फार महाग पडते.

अर्ज कोणाला करता येतो?

1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 6 नुसार विवाहबाह्य संबंधातून झालेल्या मुलाची नैसर्गिक पालक आई, तिच्यानंतर बाप. (कायद्यात अशा मुलाला ‘अनौरस’ म्हटलंय. कागदावर नाइलाज आहे, घरात तो शब्द नको.) हा कायदा बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे. इतरांसाठी 1890 चा पालक व पाल्य कायदा आणि ज्याचा त्याचा व्यक्तिगत कायदा. 2015 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेली अविवाहित आई ख्रिश्चन होती. तिच्या पालकत्वाच्या अर्जासाठी बापाला नोटीस काढण्याचा आग्रह धरायची गरज नाही, असा निकाल तेव्हा लागला.

म्हणून बापाला दार बंद आहे असं नाही. 1890 च्या कायद्याखाली तो अर्ज करू शकतो. आजी, मामा, आत्या असे नातेवाईकही करू शकतात. फक्त बापाला आधी बापपण दाखवावं लागतं. जन्मदाखल्यावरचं नाव, दवाखान्याच्या फॉर्मवरची सही, शाळेची नोंद हे त्याचे पुरावे. डीएनए चाचणी मागितली की लगेच मिळते असं समजू नका.

अर्ज कुठे?

मूल नेहमी जिथे राहतं, त्या भागाच्या जिल्हा न्यायालयात किंवा तिथे कौटुंबिक न्यायालय असेल तर त्यात. आपल्याकडे इथेच गोंधळ होतो. समजा, विट्याकडचा एक गलाई कामगार (सोनं-चांदी गाळणारा) तमिळनाडूत आहे, मूल तिथेच जन्मलं, पुढे आई त्याला घेऊन खानापूर तालुक्यात परत आली आणि पोरगं वर्षभर इथल्या अंगणवाडीत जातंय. मग अर्ज सांगली जिल्ह्यात. पण मुलाला परवा रात्री गाडीत घालून आणलं आणि आज अर्ज टाकला, तर समोरचा वकील पहिला घाव अधिकारक्षेत्रावरच घालणार.

कागद

मुलाचा जन्मदाखला, दोघांची ओळखपत्रं, रेशनकार्ड किंवा भाडेकरार, उत्पन्नाचा दाखला किंवा पगारपत्रक हे सगळे आणतातच. वजन पडतं ते वेगळ्याच कागदांचं: अंगणवाडीचं किंवा शाळेचं बोनाफाईड, फीच्या पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या आणि लसीकरणाचं कार्ड. दुमडून दुमडून घडीवर फाटलेलं, हळदीचे डाग पडलेलं ते कार्ड आईच्या पिशवीतून निघतं, तेव्हा डोस द्यायला मुलाला कोण नेत होतं हे वेगळं सांगावं लागत नाही. व्हॉट्सॅपचे मेसेज द्यायचे तर सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं.

हमखास राहणारा एक कागद म्हणजे ‘मी पालक व्हायला तयार आहे’ हे निवेदन. त्यावर अर्जदाराची सही आणि किमान दोन साक्षीदार हवेत. अर्जात मुलाची जन्मतारीख, धर्म, सध्याचा ताबा कोणाकडे, जवळचे नातेवाईक आणि मुलाच्या नावावर काही मिळकत असेल तर तिचा तपशील लिहायचा असतो.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला आणि मुलाला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन 15100.

पुढे काय होतं?

समोरच्याला नोटीस निघते, बहुतेक वेळा मध्यस्थीचा प्रयत्न होतो, मग पुरावा. निकाल लांबणार असेल तर 1890 च्या कायद्याच्या कलम 12 खाली तात्पुरता ताबा मागता येतो. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडेच राहतं. मोठं, समजतं मूल असेल तर न्यायाधीश त्याला चेंबरमध्ये घेऊन बोलतात. त्याला आदल्या रात्री पाठ करून पाठवू नका. आठ वर्षांचं पोर ‘माझं हित’ असं बोलायला लागलं की कोणी शिकवलं ते लगेच कळतं.

बापाचा पगार मोठा म्हणून ताबा त्याच्याकडे जात नाही. पैशाची उणीव पोटगीने भरून निघते. मुलाची पोटगी वेगळी, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली मागता येते, आणि आईबापांचं लग्न झालं नव्हतं ही सबब तिथे चालत नाही. ताबा एकाकडे गेला तरी दुसऱ्याला भेटीचे दिवस आणि व्हिडिओ कॉल मिळू शकतात. ते बुडवणाऱ्याचं नाव न्यायालयात खराब होतं, मग तो आई असो वा बाप.

ताब्याचा आदेश कायमचा नसतो; परिस्थिती बदलली तर बदल मागता येतो. निकालाविरुद्ध अपील उच्च न्यायालयात. 18 ऑगस्ट 2025 पासून सातारा आणि सांगलीकरांसाठी ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचसमोर चालतं, त्या कामासाठी मुंबईची गाडी धरावी लागत नाही.