विद्युत् भारित बहुवारिकांची संकुले

लहान घटक एकापुढे एक जोडून बनलेल्या साखळीरूप मोठ्या रेणूस बहुवारिक (पॉलिमर) म्हणतात. पाण्यात विरघळल्यावर ज्या बहुवारिकाच्या साखळीवर ठिकठिकाणी विद्युत् भार उघडे पडतात त्यास भारित बहुवारिक म्हणतात. धनभारित आणि ऋणभारित बहुवारिकांची विद्रावणे एकत्र केली असता साखळ्या एकमेकींत गुंततात आणि बहुधा वेगळा घट्ट थर किंवा साका होऊन पाण्यातून बाहेर पडतात. या गुंत्याला संकुल म्हणतात. संकुल द्रवरूप असल्यास त्यास कोअॅसर्व्हेट ही संज्ञा आहे. ती बुंगेनबर्ग द योंग आणि क्रॉइट या डच रसायनशास्त्रज्ञांनी १९२९ मध्ये रूढ केली.

विरुद्ध भारांचे आकर्षण हेच संकुलाचे कारण, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. परंतु ते अपुरे आहे. भारित साखळीभोवती विरुद्ध भाराच्या लहान आयनांचे, म्हणजे प्रतिआयनांचे, कडे जमलेले असते. साखळीवरील भारांमधील अंतर पाण्यात सुमारे ०.७ नॅनोमीटरपेक्षा कमी झाले, की एकभारी प्रतिआयनांचा काही वाटा साखळीशी बांधलाच जातो. दोन विरुद्ध साखळ्या जवळ आल्या, की एकीचे भार दुसरीच्या भारांना पुरे पडतात, बांधलेले आयन पाण्यात मोकळे सुटतात आणि एंट्रॉपी, म्हणजे कणांची विखुरण्याची मोकळीक, वाढते. जोडणीची मुख्य प्रेरणा पुष्कळदा या सुटकेतून येते. म्हणूनच अनेक संकुले बनताना उष्णता फारशी बाहेर पडत नाही, काही वेळा तर ती शोषली जाते.

मिठाचा परिणाम यावरूनच समजतो. पाण्यात आधीच पुष्कळ आयन असतील, तर आणखी आयन मोकळे झाल्याने होणारा लाभ घटतो आणि संकुल सैल पडते. पॉलिस्टायरीन सल्फोनेट हे ऋणभारित बहुवारिक व त्याच्या विरुद्ध, म्हणजे धन, भाराचे चतुर्थक अमोनियम बहुवारिक यांचा घट्ट पांढरा साका पोटॅशियम ब्रोमाइड वाढवत नेल्यास आधी मऊ होतो, मग मधासारखा वाहू लागतो आणि अखेर विरघळतो. घन साका आणि द्रव कोअॅसर्व्हेट हे दोन वेगळे पदार्थ नसून एकाच संकुलाच्या कमी-अधिक बांधलेल्या अवस्था आहेत, हे या प्रयोगातून जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही आकृतीतून दिसत नाही.

पुण्यातील महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही हे साध्या साहित्याने दाखवता येते. किराणा दुकानात मिळणारा बाभळीचा स्वच्छ डिंक आणि केकच्या साहित्याच्या दुकानातील जिलेटीन यांची सुमारे एक टक्क्याची विद्रावणे ४० अंश सेल्सियसला ठेवून मिसळावीत आणि व्हिनेगरने पीएच ४ च्या आसपास आणावा. या आम्लतेला जिलेटीन धनभारित होते, तर डिंकातील कार्बॉक्सिल गट ऋणभारितच राहतात. त्यामुळे मिश्रण गढूळ होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकांत मिसळणारे थेंब दिसतात. चिमूटभर मीठ टाकत गेल्यास गढूळपणा पुन्हा ओसरतो. तापमान मात्र सांभाळावे, कारण थंडीत जिलेटीन स्वतःच थिजते आणि प्रयोगाचा अर्थ बदलतो.

मिसळण्याचे प्रमाणही निर्णायक असते. भार बरोबरीचे असल्यास साका पूर्ण होतो. एक बहुवारिक जादा असल्यास भारित लहान कण पाण्यात तरंगत राहतात. डीएनए आणि धनभारित बहुवारिक यांचे असे कण जनुकवहनासाठी, म्हणजे पेशीत जनुके पोहोचवण्यासाठी, वापरतात. सुगंधी तेलांभोवती कवच घालणे, औषधांचे आवरण आणि काइटोसन-अल्जिनेट मणी हे इतर उपयोग होत.

या मिश्रणांचे पहिले संख्यात्मक विवेचन ओव्हरबेक आणि फोर्न यांनी १९५७ मध्ये केले, परंतु त्यात साखळीवरील भार एकमेकांना जोडलेले आहेत ही गोष्ट विद्युत् आकर्षणाच्या हिशेबातून सुटली होती. ती पुढील सिद्धांतांनी भरून काढली. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (स्थापना १९५०) पुण्यात बहुवारिकांच्या अभ्यासाचे प्रमुख केंद्र आहे. पेशीतही अशीच संकुले आढळतात : हिस्टोन एच१ आणि प्रोथायमोसिन-अल्फा ही विरुद्ध भारित प्रथिने अत्यंत घट्ट बांधली जातात आणि तरीही दोघांना ठरावीक घडी येत नाही, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.